चौथ्या क्रमांकाचा पहिला अल्बम : प्रकल्प नोंदी

४ जून

श्रवणमालिकेच्या पुढच्या भागाचा विषय आज पक्का झाला. टीव्हीवरच्या गायन स्पर्धांमधून आलेल्या गायकांचे पहिले अल्बम, अशी मालिकेची मूळ कल्पना. त्यातला पॉप-रॉकचा भाग 'डॉट्री' या अल्बमवर करायचा. ख्रिस डॉट्री २००६ साली 'अमेरिकन आयडॉल'च्या पाचव्या पर्वात चौथा आला आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला आरसीए रेकॉर्ड्सने हा अल्बम बाजारात आणला.

ताईने लगेच विचारलं, "त्या पर्वाचा विजेता टेलर हिक्स. मग आपण चौथ्याचं काय घेऊन बसलोय?" दादा म्हणाला, "अगं, 'होम' ऐकलंयस ना? ते या चौथ्याचं." ताईने ऐकलं होतं. ते कोणाचं आहे, हे तिला माहीत नव्हतं. मला हे फार महत्त्वाचं वाटलं. गाणं गायकाच्या ओळखीशिवाय तिच्यापर्यंत पोचलं होतं.

या भागात मला एकच गोष्ट नीट मांडायची आहे : स्पर्धेची पुण्याई अल्बमला कुठवर पुरते, आणि ती सरल्यावर अल्बम कशाच्या जोरावर उभा राहतो.

७ जून

कालक्रम लिहून काढला. निवेदनाचा सांगाडा यावरच उभा राहणार आहे.

डेन्व्हरच्या चाचणीत परीक्षक सायमन कॉवेल यांनी डॉट्रीला नकार दिला होता. दुसरे दोन परीक्षक, रँडी जॅक्सन आणि पॉला अब्दुल, यांचा होकार, म्हणून तो पुढे गेला. १० मे २००६ ला तो स्पर्धेतून बाहेर पडला. तोवर अनेकांनी त्याला विजेता धरूनच ठेवलं होतं, त्यामुळे त्या रात्री प्रेक्षक आणि तो स्वतः सारखेच चकित झाले. लगेचच फ्युएल या रॉक बँडने त्याला आपला मुख्य गायक व्हायचं जाहीर आमंत्रण दिलं. या बँडचं गाणं तो स्पर्धेत गायला होता. त्याने ते आमंत्रण नाकारलं, आरसीएशी करार केला आणि स्वतःच्या आडनावाने बँड उभा केला. मधल्या उन्हाळ्यात पर्वातल्या पहिल्या दहा स्पर्धकांचा दौराही झाला. म्हणजे बाहेर पडल्यापासून अल्बम दुकानात येईपर्यंत जेमतेम सहा महिने, आणि त्यातलाही मोठा भाग प्रवासात.

घाई का, हे श्रोत्यांना सांगायला हवं. तेव्हा जानेवारीत पुढचं पर्व सुरू व्हायचं. त्यानंतर प्रेक्षकांच्या तोंडी नवी नावं यायची. जुन्या स्पर्धकाचा अल्बम त्याआधी, शक्यतो नाताळच्या खरेदीच्या मोसमात, दुकानात असावा लागायचा. या कार्यक्रमातून आलेले कितीतरी पहिले अल्बम नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये निघालेले दिसतात, ते याच हिशेबाने.

८ जून

आज आकडे हाताशी आले आणि भागाचा कणा सापडला.

'डॉट्री' पहिल्या आठवड्यात ३ लाख ४ हजार प्रती विकून बिलबोर्ड या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या अल्बम यादीत दुसऱ्या क्रमांकावर आला. त्याच आठवड्यात आलेल्या रॅपर जे-झीच्या अल्बमने पहिला क्रमांक घेतला होता. तीन आठवड्यांनी, १२ डिसेंबरला, विजेत्या टेलर हिक्सचा अल्बम आला. तोही पहिल्या आठवड्यात दुसराच, आणि खप २ लाख ९८ हजार.

दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहिले. चौथा आणि पहिला यांच्यात पहिल्या आठवड्यापुरता फरक सहा हजार प्रतींचा. एकाच कार्यक्रमाने दोघांना जवळपास सारखीच उचल दिली होती. पुढे मात्र वाटा वेगळ्या झाल्या. हिक्सचा अल्बम प्लॅटिनमपर्यंत, म्हणजे दुकानांकडे गेलेल्या दहा लाख प्रतींपर्यंत, पोचला. 'डॉट्री'ने चार प्लॅटिनमचा टप्पा ओलांडला आणि २००७ च्या बिलबोर्डच्या वार्षिक अल्बम यादीत तो पहिला आला.

ही तुलना हिक्सला कमी लेखण्यासाठी वापरायची नाही, असं संहितेच्या डोक्यावरच लिहून ठेवलंय. दहा लाख प्रती म्हणजे कुठल्याही गायकाचं आयुष्य उजळून टाकणारा आकडा. त्याचा पिंड सोल आणि ब्लूजचा, आणि त्या वर्षीचा अमेरिकन रेडिओ त्या बाजूला झुकलेला नव्हता. तुलना हवी आहे ती एवढ्यासाठीच की यात स्पर्धेचा वाटा आणि गाण्यांचा वाटा वेगवेगळे दिसतात.

९ जून

मतांविषयी एक छोटा परिच्छेद. त्या पर्वाच्या अंतिम फेरीत ६ कोटी ३४ लाख मतं पडल्याचं कार्यक्रमात जाहीर झालं होतं. टोल-फ्री फोन, लाइन उघडी असेपर्यंत हवी तितकी मतं द्यायची मुभा. एवढी मतं पडूनही विजेत्याच्या अल्बमचा पहिल्या आठवड्याचा खप तीन लाखांच्या आत. मत म्हणजे आजच्या रात्रीपुरती माया असते. अल्बम घेणारा पैसे मोजतो आणि तेच गाणं पुन्हा पुन्हा घरात वाजवतो. या दोन कृतींमध्ये मला काहीही साम्य दिसत नाही, आणि निवेदनात हे ठणकावून सांगायचं आहे.

१३ जून

'इट्स नॉट ओव्हर' दिवसभर ऐकलं. अल्बमची सुरुवात याच गाण्याने होते, रेडिओवर पहिलं हेच गेलं, आणि बिलबोर्डच्या हॉट १०० या गाण्यांच्या यादीत ते चौथ्यापर्यंत चढलं.

श्रेयनामावली वाचून दादा थबकला. डॉट्रीबरोबर ग्रेग वॉटनबर्ग आणि मार्क विल्करसन आहेत, आणि चौथं नाव आहे एस यंगचं, म्हणजे त्याच पर्वातल्या त्याच्या सहस्पर्धकाचं. रात्री एकमेकांविरुद्ध मतं मागणाऱ्या दोघांची नावं एका गाण्याखाली आली, आणि त्या गाण्याला पुढे सर्वोत्कृष्ट रॉक गीताचं ग्रॅमी नामांकन मिळालं. अल्बमला २००८ च्या ग्रॅमीत एकूण चार नामांकनं होती. हा तपशील भागात सुरुवातीलाच घ्यायचा.

ऐकताना सगळ्यात आधी जाणवतं ते गाण्याचं नेटकेपण. रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून, लगेच आवाज, मग कोरसकडे, म्हणजे ध्रुवपदाकडे, नेणारी चढण, आणि पाऊण मिनिटाच्या आसपास कोरस. प्रस्तावनेत वेळ घालवलेला नाही. टीव्हीवर दीड-दोन मिनिटांत गाणं संपवावं लागतं, त्यामुळे एक कडवं, एक कोरस, वर नेऊन सोडलेला एक सूर आणि टाळ्या, असा तिथला साचा. तो या गाण्याच्या पहिल्या दीड मिनिटात जसाच्या तसा बसतो. प्रश्न उरतो तो पुढच्या दोन मिनिटांचा. स्पर्धेत न लागणारं दुसरं कडवं, ब्रिज म्हणजे मधला वेगळ्या चालीचा तुकडा, शेवटचा फिरून येणारा कोरस, हे सगळं इथे निभवावं लागतं.

१४ जून

कालच्या मुद्द्याची तपासणी. बाराही गाणी फक्त दुसऱ्या कडव्यासाठी ऐकली.

चांगल्या गाण्यांत दुसऱ्या कडव्यात काहीतरी हलतं : ड्रम अर्ध्यावर येतात, एखादी गिटार गप्प होते, गळा थोडा खाली उतरतो. 'ओव्हर यू'मध्ये हे फार छान जमलंय. कोरसची ओढ आधीच लागलेली असते आणि कडवं तिला मुद्दाम थोडं ताणून धरतं. कच्च्या गाण्यांत दुसरं कडवं म्हणजे पहिल्याचीच आवृत्ती, फक्त शब्द निराळे. अल्बमच्या उत्तरार्धात अशी दोन-तीन गाणी सलग येतात. तिथे लक्ष सुटतं. हे मी निवेदनात लिहिणार आहे. आवडत्या अल्बमची पडती बाजू सांगितली, की त्याच्या चढत्या बाजूवर श्रोता विश्वास ठेवतो.

१९ जून

ध्वनिमुद्रणाचा दिवस, आणि प्रकल्पातला आत्तापर्यंतचा सगळ्यात आनंदाचा.

मूळ गाण्यांचे लांब तुकडे वाजवायचे नाहीत, हे आधीपासून ठरलेलं. त्यामुळे अल्बमचा आवाज कसा घडतो, ते दादाने स्वतःच्या गिटारवर, स्वतः रचलेल्या रिफवर दाखवायचं. तो कुठल्याच गाण्याची नक्कल नसावा म्हणून त्याने अगदी साधा, दोन मापांचा रिफ बांधला.

पहिला धडा पॉवर कॉर्डचा. दादाने आधी पूर्ण मेजर कॉर्ड, म्हणजे षड्ज, गंधार आणि पंचम एकत्र, वाजवली, साफ आवाजात. गोड लागली. मग डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणारा परिणाम, चढवून तीच कॉर्ड वाजवली, तर चिखल झाला. डिस्टॉर्शनमध्ये प्रत्येक सुरातून नवे उपसूर फुटतात आणि ते एकमेकांत मिसळून आणखी काही भलतेच सूर तयार करतात. गंधार असला की ही भाऊगर्दी कानाला बोचते. मग त्याने गंधार काढून टाकला आणि फक्त षड्ज-पंचम ठेवले. हीच पॉवर कॉर्ड. आवाज एकदम भिंतीसारखा ताठ उभा राहिला.

ताई म्हणाली, "पण मग मेजर की मायनर, आनंदी की उदास, ते कळायचं कसं?" दादा म्हणाला, "ते गायक सांगतो." त्याने तोच षड्ज-पंचम धरून वर आधी शुद्ध गंधार गुणगुणला, मग कोमल. खालची गिटार तीच, आणि खोलीतली हवा दोन्ही वेळा बदलली. या जातीच्या संगीतात गायकावर केवढा भार असतो, ते मला इतकं स्पष्ट याआधी कधीच ऐकू आलं नव्हतं. गिटार हवी तेवढी मोठी असू द्या, भाव ठरवणारा सूर बहुतेक वेळा गळ्यातच असतो. ज्याचा गळा जाड गिटारींच्या वर नीट तरंगतो आणि तारेत जाऊनही सुरेल राहतो, त्यालाच हे पेलतं. डॉट्रीच्या आवाजाची कड वरच्या सुरांवर फाटते, खरखर येते, पण सूर जागेवरून हलत नाही. दर आठवड्याला परीक्षकांसमोर उभं राहताना बहुधा याच गोष्टीने त्याला तारलं असणार.

२० जून

दुसरा धडा, दुहेरी ट्रॅकचा. दादाने रिफ एकदा वाजवला आणि तीच नोंद कॉपी करून एक डाव्या कानात, एक उजव्या कानात टाकली. ताईने हेडफोन लावले आणि म्हणाली, "मधूनच येतोय की आवाज. नुसता मोठा झालाय." बरोबरच आहे. दोन्ही कानांत तंतोतंत तेच गेलं की मेंदू त्याला मध्ये बसवतो.

मग दादाने लय धरायला कानात टिकटिक (क्लिक) लावून तोच रिफ पुन्हा, हाताने, पहिल्यासारखाच वाजवला. नवा टेक, म्हणजे नवी नोंद, उजवीकडे, जुना डावीकडे. ताईने मान दोन्ही बाजूंना वळवून पाहिली. आवाज रुंद झाला होता. कितीही घोटलेला हात असला तरी दुसऱ्या वेळी पिक तारेवर काही मिलिसेकंद मागेपुढे पडतो, दाब थोडा बदलतो. या बारीकशा तफावतीतूनच रुंदी येते.

"मग कॉपीच थोडी मागे सरकवली तर?" असं मी विचारलं. दादाने तेही करून दाखवलं. हेडफोनवर रुंद लागलं. मग त्याने दोन्ही बाजू एकत्र करून फोनच्या छोट्या स्पीकरवर वाजवलं, तर रिफ पोकळ, नळीतून आल्यासारखा ऐकू आला. सरकवलेली लाट मूळ लाटेला ठरावीक उंचीच्या सुरांवर खोडून काढते. खरोखर दोनदा वाजवलेला रिफ मात्र तिथेही तग धरून होता. पॉप-रॉक अल्बम गाडीत, स्वयंपाकघरातल्या रेडिओवर, कसाही वाजला तरी तगला पाहिजे. म्हणून एवढी मेहनत घेऊन गिटारी दोन-दोनदा, चार-चारदा वाजवल्या जातात.

हे दोन्ही धडे मिळून निवेदनात सहा मिनिटं घेतील. ताईला जास्त वाटतात. मी हटून बसले आहे. अल्बमबद्दल नुसतं बोलण्यापेक्षा श्रोत्याच्या कानांना एक नवी सवय लावून देता आली, तर भाग सार्थकी लागला.

२३ जून

निर्माता हॉवर्ड बेन्सन यांच्याविषयीचं टिपण पूर्ण. हुबास्टँकचा 'द रीझन', माय केमिकल रोमान्सचा २००४ चा अल्बम, ऑल-अमेरिकन रिजेक्ट्सचा 'मूव्ह अलाँग' ही त्यांची आधीची कामं. रॉक बँडला रेडिओपर्यंत नेण्यात त्यांचा हात बसलेला होता. आरसीएने डॉट्रीला कुणा पॉप निर्मात्याकडे न देता त्यांच्याकडे सोपवलं, यातच कंपनीला या गायकाकडून काय हवं होतं ते कळतं.

ड्रमवर जॉश फ्रीस. स्टुडिओतला नावाजलेला माणूस. अल्बम मुद्रित झाला तो अशा कसलेल्या वादकांच्या साथीने. दौऱ्यावर जाणारा बँड नंतर जमला.

२६ जून

आज तिघांत भरपूर वाद झाला, आणि त्यातून संहितेचा मधला भाग लिहून झाला.

ताईचं म्हणणं असं, की वादक दुसरे, 'फील्स लाइक टुनाइट' मॅक्स मार्टिन, लुकाझ गॉटवाल्ड आणि शेपर्ड सॉलोमन यांचं, 'व्हॉट अबाउट नाऊ' बेन मूडी, डेव्हिड हॉजेस आणि जॉश हार्ट्झलर यांचं, एका गाण्यात गिटारच्या सोलोसाठी 'गन्स अँड रोझेस'मुळे गाजलेला स्लॅश. मग याला बँडचा अल्बम का म्हणायचं? त्याचा स्वतःचा तरी का म्हणायचं?

दादाने वादकांची बाजू घेतली. पॉप आणि रॉकमध्ये स्टुडिओचे वादक वेगळे असणं ही जुनी रीत आहे आणि त्याने गाण्याचा कस कमी होत नाही.

माझं उत्तर गाण्यांच्या निवडीकडे जातं. मार्टिन आणि गॉटवाल्ड याच जोडीने २००४ मध्ये, पहिल्या पर्वाची विजेती केली क्लार्कसन हिला 'सिन्स यू बीन गॉन' दिलं होतं. त्या एका गाण्याने 'आयडॉल'मधून आलेल्या गायकाला डिस्टॉर्शन चढवलेल्या गिटारीवर गाण्याची वाट मोकळी झाली. मूडी आणि हॉजेस हे पूर्वी इव्हानेसन्स या रॉक बँडमध्ये होते. म्हणजे गाणी बाहेरून घेतली तरी ती एकाच मुलखातली आहेत, आणि तो मुलूख गायकाने स्पर्धेतच आखून घेतला होता. तिथे दर आठवड्याला विषय नेमून दिलेला असायचा, कधी एखाद्या दशकाची गाणी, कधी एखाद्या गायकाची. डॉट्रीने जमेल तिथे त्या गाण्याला रॉकचा बाज चढवला. अल्बम त्याच हट्टाचा पुढचा टप्पा आहे. शिवाय बहुतेक गाण्यांच्या लेखनात तो स्वतः आहे, आणि 'होम' त्याने एकट्याने लिहिलंय.

'व्हॉट अबाउट नाऊ'चं एक टोक जाता जाता सांगायचं : २००९ मध्ये वेस्टलाइफने ते गायलं आणि ब्रिटनमध्ये ते दुसऱ्या क्रमांकावर गेलं. एकाच गाण्यात रॉक बँड आणि आयरिश बॉय बँड दोघेही मावतात. पॉप-रॉक या नावातल्या जोडचिन्हाच्या दोन्ही बाजू इतक्या जवळ असतात.

३० जून

'होम'.

यावर चार पानं लिहून झाली होती, आज दीड पानावर आणली. साध्या, सुट्या सुरांनी वाजणारी गिटार. आवाज खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखा. कोरस यायला इतर गाण्यांपेक्षा जास्त वेळ लागतो आणि तो आल्यावर सगळा बँड एकदम उघडतो. चाल चढत्या पायऱ्यांची नाही. ती वर जाऊन परत खाली, आपल्या मुक्कामाच्या सुरावर येते, आणि शब्दही तेच सांगतात : परतायचं आहे.

मला यातली सगळ्यात भावणारी जागा म्हणजे मधला ब्रिज. मागितलेलं सगळं मिळू शकतं आणि मिळाल्यावर ते नकोसंही होऊ शकतं, असा इशारा तिथे येतो. टीव्हीच्या उजेडात नुकताच आलेला माणूस आपल्या पहिल्याच अल्बमवर हे गातो. मागची गिटार तेव्हा जड होते आणि गळा ताणला जातो. परतण्याच्या गोड गाण्यात ही एक कडू घोटाची जागा आहे. ती नसती तर गाणं नुसतं हळवं झालं असतं.

आणि मग २००७ चं सहावं पर्व. पाचव्या पर्वात बाहेर पडणाऱ्या प्रत्येक स्पर्धकाच्या चित्रफितीमागे डॅनियल पावटरचं गाणं वाजायचं. डॉट्रीलाही तेच वाजवून निरोप दिला गेला. पुढच्या वर्षी त्या जागी 'होम' आलं. आदल्या वर्षी बाहेर पडलेल्याच्या स्वरात आता इतरांची पाठवणी होऊ लागली. त्या वसंतात 'होम' हॉट १०० यादीत पाचवं झालं.

इथे माझ्याच मुद्द्याला धक्का बसतो, हे ताईने बरोबर हेरलं. "म्हणजे स्पर्धेची पुण्याई पुन्हा कामाला आलीच की." हो, आली. फक्त आता देणंघेणं उलटं झालं होतं. निरोपाच्या क्षणासाठी कार्यक्रमाला असं गाणं हवं होतं, जे कोट्यवधी लोकांसमोर दर आठवड्याला वाजून शिळं होणार नाही. अल्बमकडे ते तयार होतं. ताईचं वाक्य आणि हे उत्तर, दोन्ही जसंच्या तसं संहितेत घेतलं.

२ जुलै

नवव्या आठवड्याचा परिच्छेद लिहिला. अल्बम पहिल्या क्रमांकावर पोचला तो प्रकाशनानंतर नवव्या आठवड्यात, २००७ च्या सुरुवातीला. त्या आठवड्याचा खप होता ६५ हजार. पहिल्या आठवड्यात तीन लाखांवर प्रती खपूनही दुसरा, आणि नंतर ६५ हजारांवर पहिला. हे श्रोत्याला कोडं वाटणार, म्हणून जरा थांबून सांगायचं : नाताळ सरल्यावर जानेवारीत सगळ्यांचाच खप आटतो, मोठे अल्बम तेव्हा काढले जात नाहीत, आणि अशा ओहोटीत जो अल्बम आपली पातळी धरून ठेवतो तो वर दिसायला लागतो. मुद्दा पातळी धरून ठेवण्याचा आहे. चाहत्यांच्या भरवशावर निघालेला अल्बम पहिल्या आठवड्यानंतर झपाट्याने घसरतो. हा घसरला नाही, कारण रेडिओवर गाणं ऐकून दुकानात जाणारे नवे लोक दर आठवड्याला येत राहिले.

प्लॅटिनम आणि खप यांतला भेदही याच परिच्छेदात. साप्ताहिक यादी १९९१ पासून साउंडस्कॅनच्या नोंदींवर, म्हणजे दुकानातल्या गल्ल्यावर प्रत्यक्ष झालेल्या विक्रीवर चालत होती. प्लॅटिनम देते ती अमेरिकेतली ध्वनिमुद्रण कंपन्यांची संघटना, आणि तिथे त्या काळी दुकानांकडे रवाना केलेल्या प्रती मोजल्या जायच्या. दहा लाखांना एक प्लॅटिनम. या दोन आकड्यांची सरमिसळ सर्रास होते, आपल्या भागात व्हायला नको.

७ जुलै

रेडिओबद्दलचं टिपण. अमेरिकेतली केंद्रं प्रकारांनुसार विभागलेली असतात : कडक रॉक वाजवणारी, सध्याच्या लोकप्रिय गाण्यांची, मोठ्या वयाच्या श्रोत्यांसाठीची मऊ गाण्यांची. एका केंद्रावरचं गाणं दुसऱ्यावर सहसा जात नाही. या अल्बमच्या गाण्यांनी या भिंती ओलांडल्या. 'व्हॉट आय वाँट' रॉकवाल्यांसाठी, 'होम' मऊ गाण्यांच्या केंद्रांसाठी, 'इट्स नॉट ओव्हर' जवळपास सगळ्यांसाठी. हेच त्याच्या टिकण्याचं आर्थिक कारण, आणि त्याच्यावरच्या टीकेचंही. सगळ्यांना चालणारं म्हणजे कुणाचंच नसलेलं, असं रॉकचे कट्टर चाहते तेव्हा म्हणत. मला हे पटत नाही. सगळ्यांना चालेल असं लिहायला बसणारे पुष्कळ असतात, त्यातलं चालतं फारच थोडं.

आवाजाच्या पातळीबद्दलची टीका मात्र मला मान्य आहे. त्या काळच्या बहुतेक रॉक अल्बमांसारखा हाही फार दाबून मोठा केलेला आहे. दादाने लाटेचं चित्र पडद्यावर दाखवलं : कडवं आणि कोरस यांच्या उंचीत फरक दिसत नाही, सगळी एकसंध पट्टी. चाल आणि वाद्ययोजना जो उघडमीट खेळ करतात, तो शेवटच्या टप्प्यात सपाट होतो. 'होम'चा कोरस उघडतो तो रचनेमुळे. प्रत्यक्ष आवाजाची उंची तिथे जेवढी वाढते, त्याच्या दुप्पट वाढायला हवी होती.

१२ जुलै

ताईचं निवेदन मुद्रित झालं. गिटारच्या धड्यांची सहा मिनिटं तिने स्वतःहून तशीच ठेवली. तिने सुचवलेला एक बदल मोलाचा ठरला : दोन पहिल्या आठवड्यांचे आकडे भागाच्या तोंडाशीच सांगून टाकायचे आणि 'यातला फरक पुढे कशाने पडला' हा प्रश्न घेऊन गाण्यांकडे जायचं. त्यामुळे गंधाराचा धडा, दुसऱ्या कडव्याची तपासणी आणि 'होम'चा ब्रिज, सगळं त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून येतं. मला माझी मूळ मांडणी सोडायला क्षणभरही जड गेलं नाही.

१५ जुलै

अंतिम मिश्रण झालं. दादाने कोरसचं उदाहरण मुद्दाम थोडं उंच ठेवलंय आणि निवेदन त्याखाली दबणार नाही इतकी जागा सोडली आहे. फोनच्या स्पीकरवर, हेडफोनवर आणि गाडीत ऐकून पाहिलं. गाडीत रिफचे दोन्ही टेक स्वच्छ वेगळे ऐकू येतात.

पुढच्या भागाची तयारी सुरू करायची आहे. केली क्लार्कसनचा २००३ चा पहिला अल्बम, 'थँकफुल'. तो पहिल्या आठवड्यात २ लाख ९७ हजार खपून थेट पहिला आला होता, म्हणजे हिक्स आणि डॉट्रीच्या आकड्यांच्या अगदी शेजारी. पण त्यात रॉक फारसं नाही. ती वाट तिने दुसऱ्या अल्बमात धरली. विजेत्याला आपला आवाज सापडायला एक अल्बम जास्त का लागला, तिथून सुरुवात करू.